रिकाम्या पुंगळीची किंमत

'रिकामी पुंगळी' हे शब्द आपल्याला भेटतात ते बहुधा गुन्हेगारीच्या बातम्यांत. पोलिसांनी पंचनामा केला, घटनास्थळी दोन रिकाम्या पुंगळ्या मिळाल्या, वगैरे. गोळी निघून गेली, मागे राहिले ते टरफल, अशी आपली समजूत. पण अमेरिकेत किंवा युरोपात नेमबाजीच्या मैदानावर गेलात, तर एक गमतीचे दृश्य दिसते. फैरी संपतात, रायफली मोकळ्या करून खाली ठेवल्या जातात आणि चांगले पन्नाशी उलटलेले गृहस्थ गुडघे टेकून गवतातून आपापल्या पुंगळ्या वेचू लागतात. एखादी सापडली नाही तर हळहळतात. पारिजातकाची फुले वेचावीत तशा त्या अलगद उचलतात, मोजतात आणि डबीत ठेवतात.

याचे कारण साधे आहे. काडतुसाचे चार भाग असतात. पुढे गोळी, आत दारू, बुडाशी ठिणगी देणारी टोपी, जिला प्रायमर म्हणतात, आणि या तिघांना एकत्र धरणारी पितळी पुंगळी. बार उडाला की गोळी गेली, दारू जळाली, टोपी फुटली. पुंगळी तेवढी उरते. ती पुन्हा आकारात आणून, नवी टोपी बसवून, मोजून दारू भरून, नवी गोळी लावून पुन्हा वापरता येते. एकदा नव्हे, पुंगळी चांगली असेल आणि भरणारा संयमी असेल तर दहा-पंधरा वेळा.

हे लगेच सांगून टाकतो, की ही आपल्या देशातल्या घरी करण्याची गोष्ट नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार काडतुसे तयार करायला परवाना लागतो आणि छंद म्हणून तो कुणाला मिळत नाही. अमेरिकेत मात्र स्वतःच्या वापरापुरती काडतुसे भरणे हा सर्रास चालणारा उद्योग आहे. काहींच्या मनात येईल, की मग आपल्या कोल्हापूरचे नेमबाज काय करतात? २०१० साली विश्वविजेती झालेली तेजस्विनी सावंत किंवा २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळे यांचे प्रकार पन्नास मीटर रायफलीचे. तिथे पॉइंट टू-टूचे काडतूस वापरतात. त्याला वेगळी टोपी नसतेच. स्फोटक द्रव्य बुडाच्या कडेच्या पोकळीत भरलेले असते आणि रायफलीची पिन ती कडच चेपते. चेपलेली कड पुन्हा सरळ होत नाही, म्हणून ती पुंगळी एकदाच कामाची. आज बोलायचे आहे ते मोठ्या रायफलींच्या, बुडाच्या मध्यभागी टोपी असलेल्या पुंगळ्यांविषयी.

मी या विषयात शिरलो तो अपघाताने. आयुष्यभर तंत्रनिकेतनात धातुशास्त्र शिकवले, बंदूक कधी हातात धरली नाही. माझा भाचा पेनसिल्व्हेनियात असतो. त्याच्याकडे गेलो असताना एका संध्याकाळी त्याने गॅरेजमधल्या टेबलावर पाच पुंगळ्या ओळीने उभ्या केल्या. पाच वेगवेगळ्या कंपन्यांच्या, पण माप एकच, थ्री-नॉट-एट विंचेस्टर. म्हणाला, "मामा, तुम्ही धातूंचे मास्तर. यातली चांगली कुठली ते सांगा. एकीची किंमत दुसरीच्या दुप्पट आहे, आणि मला तर पाचही सारख्याच दिसतात."

मलाही सारख्याच दिसल्या. म्हणून आधी पुंगळी नेमके काय काम करते तिथून सुरुवात केली.

बार होतो त्या क्षणी थ्री-नॉट-एटच्या पुंगळीत दाब चढतो तो चौरस इंचाला कमाल ६२ हजार पौंडांपर्यंत. म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाच्या चार हजार पटींहून अधिक. घरातल्या प्रेशर कुकरची शिट्टी होते ती बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेम एक पट जादा दाबाला. एवढा दाब पितळ एकट्याने सोसूच शकत नाही. सोसते ते पोलाद, रायफलीच्या नळीच्या मागच्या खोबणीचे, म्हणजे चेंबरचे. पुंगळीचे काम असे, की क्षणात फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटायचे, म्हणजे तापलेला वायू मागे, नेमबाजाच्या तोंडाकडे, येणार नाही. आणि दाब उतरताच केसभर आकसायचे, म्हणजे ती सहज बाहेर ओढता येईल. फार नरम धातू असला तर फुगून तिथेच रुतून बसेल, फार कडक असला तर फुगण्याऐवजी फाटेल. पोलादाच्या आणि ॲल्युमिनियमच्या पुंगळ्याही निघतात, पण वारंवार फुगणे, आकसणे आणि पुन्हा दाबून आकारात येणे हे सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त या पितळाइतके गुण्यागोविंदाने कुणी करत नाही. या मिश्रणाला इंग्रजीत नावच काडतुसी पितळ असे पडले आहे.

खरी गंमत पुढे आहे. एकाच पुंगळीत हे पितळ सगळीकडे सारखे नसते. बूड कडक लागते, कारण तिथे टोपी घट्ट बसायची असते आणि तेवढ्याच भागाला चेंबरच्या भिंतीचा पुरता आधार नसतो. तोंडाकडची मान मात्र नरम लागते, कारण तिला गोळी धरायची, सोडायची आणि दर वेळी पुन्हा दाबून घ्यायची असते. एकाच तुकड्यात खाली कडक, वर नरम, आणि मधे हळूहळू बदल. हे कसे साधतात ते पुण्याच्या तांबट आळीत बसलेल्या कारागिराला सांगावे लागणार नाही. तांबे ठोकत गेले की कडक होते. आणखी ठोकले तर तडकते. म्हणून तो भांडे मधूनमधून भट्टीत तापवून नरम करून घेतो आणि शेवटी मठारकाम करतो, म्हणजे सबंध भांड्यावर हलक्या ठोक्यांची नक्षी उठवतो. त्याने चकाकी येते आणि भांडे घट्टही होते.

पुंगळीचा कारखाना हेच करतो. पितळाच्या चकतीची वाटी, वाटी ओढून फुलपात्र, फुलपात्र ओढून नळी. प्रत्येक ओढीनंतर तापवून नरम करायचे, आम्लात धुवायचे, पुन्हा ओढायचे. मग बूड ठोकून सपाट करायचे, टोपीचे घर दाबायचे, ठिणगीसाठी भोक पाडायचे. बुडाला शेवटचा ठोका बसतो आणि त्यानंतर त्याला आच लागू द्यायची नाही, म्हणून ते कडक राहते. मान मात्र सगळ्यात शेवटी ज्योतीसमोर फिरवून नरम करतात. तापल्याची निळसर-तपकिरी झाक तिथे उमटते. अनेक कंपन्या ती घासून काढतात, कारण गिऱ्हाईकाला वाटते माल डागाळलेला आहे. लष्करी मालावर ती तशीच ठेवतात आणि फिनलंडची लापुआ कंपनीही ठेवते. मला तो डाग आवडला. वस्तूने आपला जन्मदाखला अंगावर वागवावा तसा.

आता पाच पुंगळ्यांकडे येऊ. भाच्याकडे सोनाराच्या काट्यासारखा नाजूक तराजू होता. हे लोक वजन ग्रेनमध्ये करतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, आपल्या जुन्या गुंजेच्या साधारण निम्मे. थ्री-नॉट-एटच्या पुंगळ्यांत विंचेस्टरची सर्वांत हलक्यांपैकी, १६० ग्रेनच्या आसपास. लापुआची १७० च्या पुढे. अमेरिकन लष्करासाठी लेक सिटीच्या कारखान्यात बनलेली १८० च्या जवळ. वीस ग्रेन, म्हणजे सव्वा ग्रॅमहून थोडे अधिक. एवढ्याशा पितळाने काय होते?

बरेच होते. पुंगळीचे बाहेरचे माप चेंबर ठरवते, ते सगळ्यांना सारखेच. मग जादा पितळ जाते कुठे? आत. पितळाची घनता पाण्याच्या साडेआठ पट धरली, तर वीस ग्रेन पितळ आतली सव्वादोन ग्रेनहून जास्त पाण्याची जागा खाते. एकूण जागा छप्पन्न ग्रेन पाण्याच्या आसपास, म्हणजे चार टक्के जागा गेली. दारू तेवढीच, जागा कमी, तेव्हा दाब वाढणार, आणि तो चार टक्क्यांच्या हिशेबाने नव्हे, त्याहून अधिक. हलक्या पुंगळीत जी दारू बेताची, तीच जड पुंगळीत धोक्याची ठरू शकते. म्हणून दारूचे माप ठरवले की ते त्या पुंगळीपुरते. पुंगळीची कंपनी बदलली तर खालच्या मापापासून पुन्हा सुरुवात. भाच्याच्या डब्यात पाचही कंपन्यांचा माल एकत्र होता आणि दारूचे माप सगळ्यांना एकच. मी काही बोललो नाही, पण त्याच्या लक्षात आले.

वजनावरही डोळे मिटून विसंबू नये. एखाद्या कंपनीची बुडाची कड जाड असते, किंवा रायफल जिथे पकडून पुंगळी ओढते ती खाच उथळ असते. त्याने वजन वाढते, पण आतली जागा तेवढीच राहते. खरे माप पाण्याचे. उडवलेली पुंगळी, फुटलेली टोपी तशीच ठेवून, काठोकाठ पाण्याने भरायची आणि कोरड्या व भरलेल्या वजनातला फरक काढायचा. आम्ही ते तासभर केले. मामीने येऊन विचारले, की ड्रॉपरने पाणी कसले पाजताय?

आता नावांविषयी. लापुआ हे पश्चिम फिनलंडमधले गाव, तिथला काडतुसांचा कारखाना १९२३ सालचा. आज तो नॅम्मो या नॉर्वे-फिनलंडच्या समूहात आहे. १३ एप्रिल १९७६ रोजी या कारखान्यात स्फोट झाला आणि चाळीस कामगार गेले, त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. निळ्या डबीतल्या त्या सुबक पुंगळ्या पाहताना हे मला आठवत राहिले. लापुआचे नाव आहे ते एकसारखेपणासाठी. मानेच्या भिंतीची जाडी चारी बाजूंनी मोजली तर फरक बहुधा एक-दीड थाऊचा. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, आपल्या टर्नर मंडळींना हा शब्द पाठ आहे. डोक्याचा केस दोन ते चार थाऊ जाड असतो, त्यावरून अंदाज करा. साध्या मालात हा फरक तीन-चार थाऊ निघू शकतो. मान एका बाजूला जाड असली तर गोळी किंचित तिरकी बसते, आणि तीनशे मीटरवर ते किंचित दिसून येते.

स्वीडनच्या नॉर्माची सुरुवात १९०२ ची. नॉर्वेहून आलेल्या एंगर बंधूंनी ती काढली आणि नाव दिले बेलिनीच्या संगीत नाटकावरून. हिचा माल मापाला लापुआच्या जवळ जाणारा, पण नेमबाज त्याला जरा नरम मानतात. जोरकस बार वारंवार काढले तर टोपीचे घर लवकर सैल होते असा त्यांचा अनुभव. टोपी बोटाच्या दाबाने आत जाऊ लागली की ती पुंगळी संपली, मान कितीही शाबूत असो.

लेक सिटी हा मिझुरी राज्यातला १९४१ साली उभा राहिलेला सरकारी कारखाना. बुडावर एल सी अक्षरे आणि सालाचे दोन आकडे. माल जाड आणि दणकट, पण लष्करी रीतीने टोपीभोवती पितळ चेपून तिला जखडलेले असते. नवी टोपी बसवायची तर ते चेपलेले आधी काढावे लागते. शिवाय बाजारात मिळतो तो बराचसा एकदा वापरलेला, कुणी कुठल्या बंदुकीतून उडवला ठाऊक नसलेला. सर्बियातल्या उझित्से गावच्या प्रवी पार्टिझानचा माल स्वस्त, पण हिला एक मान द्यायला हवा. जुन्या, इतर कुणी न बनवणाऱ्या मापांच्या पुंगळ्या ही कंपनी बनवते, त्यामुळे आजोबांची रायफल भिंतीवरून खाली येते. मिझुरीचीच स्टारलाइन भरलेली काडतुसे बनवतच नाही, नुसत्या पुंगळ्या. विंचेस्टर, फेडरल, हॉर्नाडी हे घरोघरचे अमेरिकन माल. त्यांत वाईट काही नाही, पण शंभर घेतल्या तर मोजून, निवडून, दहा-पंधरा बाजूला काढण्याची तयारी हवी.

म्हणजे दुप्पट किमतीत काय मिळते? धातू तोच, सत्तर-तीस. मिळते ती निवडण्याची मेहनत, जी कारखान्याने आधीच केलेली असते. तीनशे मीटरच्या स्पर्धेत उतरणाऱ्याने ती विकत घ्यावी. हरणाच्या शिकारीला वर्षातून चार बार काढणाऱ्याने घेऊ नये, असे माझे मत. मात्र जो कुठला माल घ्याल तो एकाच खेपेचा घ्यावा आणि प्रत्येक पुंगळी किती वेळा भरली याची नोंद ठेवावी. नावाजलेल्या कंपनीच्या अनोळखी पुंगळीपेक्षा साध्या कंपनीची हिशेब ठेवलेली पुंगळी बरी.

कारण पुंगळीचा शेवट कसा होतो तेही मला तिथेच पाहायला मिळाले. दर बाराला ती लांबीत थोडी ताणली जाते. हे ताणणे सगळीकडे सारखे होत नाही, बुडाच्या थोडे वर, जिथे जाड तळ संपून पातळ भिंत सुरू होते, तिथे होते. आतून पितळ झिजल्यासारखे पातळ होत जाते. बाहेरून दिसते ती एक उजळ, बारीक रेघ, गोल फिरलेली. एक दिवस पुंगळी तिथेच तुटते, बूड बाहेर येते आणि उरलेली नळी चेंबरमध्ये अडकते. नशीब बरे असेल तर एवढ्यावर भागते. नसेल तर वायू मागे येतो. म्हणून डोळ्यांवर चष्मा लावल्याशिवाय हे लोक बार काढत नाहीत. भाच्याच्या डब्यातल्या एका पुंगळीवर मला तशी रेघ दिसली. कागदाची टाचणी सरळ करून तिच्या टोकाला छोटा आकडा काढला आणि आतून भिंतीवरून फिरवला. रेघेच्या जागी आकडा खळग्यात अडकला. मग भाच्याच्या हातात दिली. दोनदा फिरवून पाहिली त्याने, आणि चेहरा उतरला. त्या पुंगळ्या त्याने कुणाकडून तरी वापरलेल्या घेतल्या होत्या.

मान कडक झाली तर ती पुन्हा तापवून नरम करता येते आणि बरेच जण करतात. पण आच मानेपुरतीच हवी. कुणी सगळी पुंगळी भट्टीत घालून तापवली तर बूडही नरम पडते. ते पुन्हा कडक करण्याचा घरगुती उपाय नाही.

आता एक गोष्ट सांगतो ती आपल्या देशातली आहे, आणि वर्गात मी ती दर वर्षी सांगत असे. इंग्रजांच्या फौजा हिंदुस्थानात होत्या तेव्हा असे लक्षात आले, की पावसाळाभर साठवलेली काडतुसे उन्हाळ्यात चांगली असत आणि पावसाळा संपता संपता त्यांच्या पुंगळ्यांना आपोआप चिरा पडलेल्या दिसत. कुणी हात लावलेला नाही, बार काढलेला नाही, तरी तडकलेल्या. ऋतूबरोबर येणारा रोग म्हणून इंग्रजीत त्याला ऋतूवरूनच नाव पडले. पितळ जुने होऊन कुजते, अशी समजूत होती. उलगडा १९२१ साली झाला. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तीन धातुशास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की दोन गोष्टी एकत्र आल्या की हे घडते. एक, ओढून-ठोकून बनवलेल्या पितळात आत कोंडून राहिलेला ताण. दोन, अमोनिया. काडतुसे ठेवलेली असत घोड्यांच्या पागांमध्ये. घोड्यांच्या मुताचा अमोनिया, पावसाळी दमट हवा आणि ताणलेले पितळ. अमोनिया तांब्याला धरतो आणि धातूच्या कणाकणांमधल्या सांध्यांतून आत शिरतो. ताण त्या सांध्यांना उकलत नेतो.

उपायही साधा निघाला. तयार पुंगळी अडीचशे अंशांच्या आसपास काही काळ तापवायची. एवढ्या उष्णतेने कोंडलेला ताण निघून जातो, पण बुडाचा कडकपणा जात नाही. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. त्याच्या आवारावरून कितीदा गेलो असेन, पण पुंगळीची ही कथा आपल्या मुलुखाच्या पावसाशी जोडलेली आहे हे मला नोकरी लागल्यावर, एका परदेशी पाठ्यपुस्तकात कळले.

ही गोष्ट मी भाच्याला त्या रात्री सांगितली. पागा, घोडे, पाऊस ऐकून त्याला मजा वाटली. आणि मग तो एकदम गप्प झाला. उठून फळीवरची एक बाटली घेऊन आला. पितळ चमकवायचे द्रावण होते, पुंगळ्या घासायला वापरलेले. मी झाकण उघडले आणि नाकाला झणका बसला. अमोनियाच.

आपल्याकडे समया आणि तांबे चिंचेने घासतात ते आम्ल असते, त्याने पितळाला असा अपाय होत नाही. भाच्याला म्हटले, कोमट पाण्यात साबण आणि चिमूटभर लिंबाचे सत्त्व, एवढे पुरे. किंवा ते लोक अक्रोडाच्या टरफलाच्या भुश्यात पुंगळ्या तासन्‌तास फिरवत ठेवतात, ते उत्तम. चकाकीचा नेमाशी काही संबंध नाही.

"आणि ज्या आधीच घासल्यात त्या?" त्याने विचारले.

सुमारे पन्नास निघाल्या. त्यांत दुप्पट किमतीच्याही होत्या. आम्ही दोघे भिंग घेऊन बसलो. तीन पुंगळ्यांच्या मानेवर उभ्या, केसासारख्या चिरा होत्या. बाकीच्या डोळ्यांना धडधाकट दिसत होत्या. त्याने थोडा वेळ विचार केला, मग पक्कड घेतली आणि एकेक पुंगळीचे तोंड चेपून, कुणी उचलून पुन्हा भरू नये म्हणून, भंगाराच्या डब्यात टाकायला सुरुवात केली.